एक्स्टेंडेड वॉरंटी: माझं ३ अधिक २ पाच झालंच नाही

आधीच सांगतो, मी काही अडाणी नाही. पीसी स्वतः जोडतो, दोस्तांचेही जोडून दिलेत, आणि तरी गंडलो. लाज सोडून लिहितोय.

ग्राफिक्स कार्ड घेतलं, कंपनीची वॉरंटी ३ वर्षं. बिल करताना पोरगा म्हणाला, सर अजून २ वर्षांचा प्लॅन टाकू का, टेन्शनच नाही. कार्डाच्या किमतीच्या १९ टक्के. मी मनात ३ अधिक २ केलं आणि हो म्हणालो, आणि त्याच तोऱ्यात रॅम आणि पॉवर सप्लायवर पण घेतला, प्रत्येकी १२ टक्के. हसू नका, रॅमच्या पाकिटावर 'लाइफटाइम' छापलेलं होतं आणि पॉवर सप्लायच्या बॉक्सवर १० वर्षं, आणि तो बॉक्स तेव्हा माझ्याच काखेत होता.

३८व्या महिन्यात कार्डाचा एक पंखा घरघरायला लागला, मग गेम लावला की स्क्रीन काळी. क्लेम टाकला तर उत्तर आलं, तुमचा प्लॅन १४ महिन्यांपूर्वीच संपलाय. कारण तो सुरूच झाला बिलाच्या तारखेपासून! कंपनीची वॉरंटी संपायच्या १२ महिने आधी हा मेला. बरं, त्या काळात कंपनी देत नाही ते तरी देत असेल म्हणावं, तर व्होल्टेज, सांडलेलं पाणी, आपटणं, सगळं वगळलेलं.

सगळ्यात झोंबतं ते हे की त्याच संध्याकाळी मेल आला होता. सुरू तारीख, खाली शेवटची तारीख, बास दोन ओळी. मी तो उघडला, वाचला आणि वर स्टार मारून ठेवला. पण नवं कार्ड समोर पडलेलं असताना तारखा कोण मोजत बसतो, सांगा ना.

म्हणून, प्लॅन कधीपासून सुरू होतो एवढंच विचारा आणि लेखी घ्या. पोरगा 'पुढची २ वर्षं' म्हणाला याला काडीची किंमत नाही. पार्ट मरायचा तर बहुधा सुरुवातीलाच मरतो नाहीतर म्हातारा होऊन, आणि सुरुवात कंपनी फुकटात सांभाळतेच. एसएसडीची (डेटा साठवायची ड्राइव्ह) वॉरंटी ठरलेली वर्षं किंवा टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण किती डेटा लिहायचा त्याची मर्यादा, जे आधी संपेल ते, हे कोणी बोलत नाही, आणि डेटा तर बहुतेक प्लॅन परत देत नाहीत. क्लेम देताना घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाली म्हणून पैसे, कापतात का तेही बघा.

दुकानदार म्हणतो आम्ही फक्त विकतो, प्लॅनवाले म्हणतात दुकानात विचारा, कार्डाची कंपनी म्हणते मुदत संपली. ११ कॉल, एकदा ४३ मिनिटं नुसतं म्युझिक, आणि फोन उचलला तर परत सिरियल नंबर पहिल्यापासून. ग्राहक तक्रारीत गेलो तर ६ दिवसांत 'निकाली', कारण काय तर ग्राहकाने अटी मान्य केल्या आहेत. अरे वाचलं तरी का कोणी? परत टाकली, परत निकाली. तिसऱ्यांदा टाकायला गेलो तर फॉर्मचा पहिलाच प्रश्न: वस्तू वॉरंटीत आहे का, हो की नाही. तोच तर वाद आहे ना बाबा!