शहाऱ्यांची प्लेलिस्ट: एका संगीतसेवेचे परीक्षण

संगीत ऐकवणाऱ्या स्ट्रीमिंग सेवांच्या पहिल्याच पडद्यावर हल्ली कलाकारांआधी मनःस्थितींची नावे दिसतात. शांत, उदास, उत्साही, एकाग्र अशा पाट्यांखाली प्लेलिस्ट मांडलेल्या असतात आणि त्यांतच कुठेतरी अंगावर काटा आणणाऱ्या गाण्यांचीही एक यादी असते. या परीक्षणात मी ज्या सेवेबद्दल लिहितो आहे तिचे नाव देत नाही, कारण तिचे जे गुणदोष येथे मांडले आहेत ते थोड्याफार फरकाने तिच्या साऱ्या स्पर्धकांतही आढळतात. आवाजाचा दर्जा, संग्रहाचा आकार आणि ॲपची मांडणी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तपासायचे होते ते वेगळेच: संगीत ऐकताना माणसाला मुळापासून हलवून टाकणारा जो अनुभव कधीतरी येतो, त्याला ही सेवा पोषक आहे की मारक?

अशा अनुभवाचा सर्वांत मोठा अभ्यास स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ गॅब्रिएलसन यांनी केला. आयुष्यात आलेला संगीताचा सर्वांत उत्कट अनुभव आपल्या शब्दांत सांगा, एवढीच विनंती त्यांनी लोकांना केली आणि त्यावर ९०० हून अधिक जणांनी आपापल्या हकिगती लिहून दिल्या. त्यांत डोळे भरून येणे, शहारे, घशात दाटलेला आवंढा ही शारीरिक लक्षणे आहेतच. पण काळाचे भान सुटणे, आपण आणि संगीत वेगळे न उरणे, आयुष्याकडे पाहण्याची नजर बदलणे अशा गोष्टीही आहेत. भरतमुनींनी सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे भावना दाटल्यावर शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांपैकी, रोमांच, अश्रू, स्तंभ (जागीच खिळून जाणे) आणि स्वरभंग हे भाव या हकिगतींत सहज ओळखू येतात. गॅब्रिएलसन यांचा आग्रह असा की, असा अनुभव एकट्या संगीतातून निपजत नाही; संगीत, ऐकणारा माणूस आणि त्या वेळची परिस्थिती या तिन्हींच्या मेळातून तो घडतो. सेवेचे मोजमाप करायला हा निकष मला सर्वांत रास्त वाटतो, कारण या तिन्हींपैकी पहिली गोष्ट सेवेच्या हातात आहे, दुसरीबद्दल ती अंदाज बांधते आणि तिसरीत ती सतत ढवळाढवळ करते.

रोजच्या गरजांपुरते बोलायचे तर सेवा उत्तम आहे. काम करताना मागे वाजत राहणारे, झोपेआधी मन निवांत करणारे किंवा व्यायामाला वेग देणारे संगीत ती चोख पुरवते. मनःस्थिती थोडी इकडून तिकडे सरकवणे हे तिचे खरे कसब आहे आणि ऐकणाऱ्याची नव्वद टक्के अपेक्षा तेवढीच असते, असे म्हटले तरी चालेल. अडचण उरलेल्या भागात आहे.

अंगावर काटा आणणाऱ्या गाण्यांची यादी मी नीट, हेडफोन लावून, दुसरे काहीही न करता ऐकली. तिच्या संपादकांची समजूत अशी दिसते की, शहारा म्हणजे टिपेला गेलेला आवाज आणि त्याखाली दणदणीत वाद्यवृंद. यादीतील बहुतेक गाणी त्याच साच्यातली आहेत आणि चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत पुढचा चढ कुठे येणार हे आधीच कळू लागते. आवाज हळूहळू चढत जाण्याने शहारे येतात हे खरेच आहे. परंतु मेंदूशास्त्रज्ञ याक पांकसेप यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आनंदी गाण्यांपेक्षा उदास गाण्यांचा शहाऱ्यांशी अधिक संबंध दिसला होता, आणि वाद्यांच्या गर्दीतून एकच आवाज किंवा एकच वाद्य पुढे येणे ही जागाही त्यांनी नोंदवली होती. संगीताचे मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये ८३ श्रोत्यांच्या उत्तरांवरून दाखवले की, स्वरसंवादाला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाला, अचानक मिळालेले अनपेक्षित वळण शहाऱ्यांशी जोडलेले असते, तर डोळ्यांत पाणी येण्याच्या जागा पुष्कळदा निराळ्याच असतात: मुख्य स्वरावर टेकण्याआधी शेजारच्या स्वरावर किंचित रेंगाळणाऱ्या. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये शहारे आणणाऱ्या रचनांची त्याच कलाकारांच्या इतर रचनांशी तुलना केली, तेव्हाही पहिल्या गटातील रचना सरासरीने अधिक उदास, अधिक संथ आणि कमी आवेशाच्या निघाल्या. सेवेच्या यादीत या संथ, एकाकी जागांना जवळजवळ स्थान नाही.

तरीही यादी वाईट निवडली आहे हा माझा मुख्य आक्षेप नाही. अशी सर्वांसाठी एकच यादी असू शकते ही कल्पनाच मला डळमळीत वाटते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲन ब्लड आणि रॉबर्ट झॅटोर यांनी २००१ मध्ये संगीताने येणाऱ्या शहाऱ्यांच्या वेळी मेंदूत काय घडते ते पाहिले, तेव्हा दहाही सहभागींना स्वतःला हमखास शहारे आणणारी रचना स्वतःच निवडून आणायला सांगितले होते. प्रयोगाची खुबी पुढेच आहे: एकाची निवडलेली रचना दुसऱ्यासाठी तुलनेपुरती, म्हणजे परिणाम न करणारी रचना म्हणून वापरली गेली, आणि ही योजना यशस्वी ठरली. एकाला जी रचना आतून हलवत होती ती दुसऱ्याला तशी हलवत नव्हती. मानवी मेंदूतील सुखाशी आणि प्रेरणेशी निगडित भाग, जे अन्न आणि लैंगिक सुखाच्या वेळी सक्रिय होतात, तेच येथे जागे झाले, पण प्रत्येकाच्या आपल्या संगीताने. संपादकाने परक्या श्रोत्यासाठी केलेली यादी या अर्थाने पहिल्याच पायरीवर अडते.

याहून गंभीर नुकसान वाट पाहण्याच्या बाबतीत होते. संगीताचे अभ्यासक लिओनार्ड मायर यांनी १९५६ मध्येच संगीतातील भावनेचा उगम अपेक्षेत आणि तिच्या लांबणीवर पडण्यात शोधला होता. पुढे २०११ मध्ये व्हॅलोरी सालिमपूर, झॅटोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, आवडता उत्कट क्षण येण्याच्या आधी, नुसत्या चाहुलीने, मेंदूतील पुच्छकेंद्रक या भागात डोपामिन हे सुखाशी आणि प्रेरणेशी निगडित रसायन स्रवते, आणि प्रत्यक्ष क्षणी ते न्यूक्लियस ॲकम्बन्स या दुसऱ्या भागात स्रवते. म्हणजे चाहूल ही त्या सुखाची नुसती प्रस्तावना नसून तिला स्वतःचा वेगळा वाटा आहे. आता या दृष्टीने सेवेकडे पाहावे. पुढे सरकवण्याचे बटण अंगठ्याच्या सर्वांत जवळ आहे. काही मोठ्या सेवांत गाणे ३० सेकंद वाजले की ते ऐकले असे हिशेबात धरले जाते, आणि श्रोत्याने पहिल्या काही क्षणांतच गाणे सोडू नये यासाठी रचनाकारही घाई करू लागतात. अमेरिकेत गाजलेल्या गाण्यांच्या एका अभ्यासात आढळले की, गायन सुरू होण्याआधीचा वाद्यांचा भाग १९८०च्या दशकाच्या मध्यात सरासरी २० सेकंदांहून अधिक होता, तो २०१५ पर्यंत सुमारे ५ सेकंदांवर आला. याचा सगळा दोष स्ट्रीमिंगवर टाकता येणार नाही, कारण ही घसरण त्याच्या आधीपासूनची आहे. पण विलंबित ख्याल किंवा सिंफनीचा संथ भाग या यंत्रणेत का गुदमरतो, हे मात्र त्यावरून समजते. अशा रचना ऐकणाऱ्याकडून प्रथम वेळ मागतात आणि मोबदला पुष्कळ उशिरा देतात.

क्रॉसफेड नावाची सोय जवळून पाहण्यासारखी आहे. एक गाणे संपत असतानाच पुढचे त्यावर चढवून दोघांमधील फट बुजवायची, असे तिचे काम. एका रचनेच्या शेवटी गायिकेचा आवाज थांबतो, त्यामागे तंतुवाद्याचा एकच स्वर उरतो आणि तो विरत असताना खोलीतील शांतता ऐकू येऊ लागते. सोय सुरू असताना नेमक्या त्याच सेकंदांवर पुढच्या गाण्याचा ढोल वाजू लागला. रचनाकाराने शेवटी ठेवलेला तो विराम हा रचनेचाच भाग असतो, हे मान्य असलेला कोणी ही सोय सरसकट सुरू करणार नाही. सेटिंगमध्ये ती बंद करता येते हे सेवेच्या बाजूने सांगायला हवे. एकाच अल्बममधील सलग रचना खंड न पाडता वाजवण्याची वेगळी सोयही तिच्यात आहे आणि ती निर्दोष चालते. वेगवेगळ्या गाण्यांच्या आवाजाच्या पातळ्या समान करणारी सोय मात्र यादी ऐकताना उपयोगी पडते. एका गाण्यातील चढउतार ती फारसे बिघडवत नाही.

सेवेची सर्वांत मोलाची बाजू जाहिरातीत कुठेच नसते, ती म्हणजे तिचा शोध. अर्धवट आठवणारी ओळ टाकली तरी एखादे जुने, विस्मृतीत गेलेले ध्वनिमुद्रण समोर येते. पौगंडावस्थेत आणि तरुणपणी ऐकलेल्या संगीताशी माणसाच्या आठवणी विशेष घट्ट बांधलेल्या असतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना पुनःपुन्हा आढळले आहे. मेंदूचे अभ्यासक पेटर यानाटा यांनी २००९ मध्ये अशी परिचित गाणी ऐकताना मेंदूच्या कपाळामागच्या, स्वतःविषयीच्या विचारांशी निगडित भागात हालचाल दाखवली. त्या संगीतापर्यंत मिनिटाभरात पोहोचवणे ही या सेवेची खरी किमया आहे. अल्गोरिदमच्या शिफारशी याच्या तुलनेत फिक्या पडतात, कारण काल जे ऐकले त्यासारखेच आज पुढे करणे एवढीच त्यांची बुद्धी चालते. ज्यांना नव्या अनुभवांची ओढ असते त्यांना संगीताचे शहारे अधिक येतात असे व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासांत दिसले आहे. त्या ओढीला ही यंत्रणा फारसे खाद्य पुरवत नाही.

परिस्थितीतील ढवळाढवळीबद्दल थोडेच लिहिणे पुरेसे आहे, कारण ती कोणालाही जाणवेल. विनामूल्य आवृत्तीत दोन रचनांच्या मध्ये मोठ्या आवाजातील जाहिरात येते. उत्कट शेवटानंतर लगेच कशाचा तरी खप वाढवणारा उत्साही आवाज कानांवर आदळणे हे मला संगीतसेवेचे सर्वांत अक्षम्य वर्तन वाटते. पैसे भरल्यावर जाहिराती जातात, पण ऑटोप्ले उरतो: तुम्ही निवडलेली रचना संपताच सेवा स्वतःच्या मनाने दुसरे काही सुरू करते.

वर्षभरात काय ऐकले याचा सेवेकडून वर्षअखेरीस येणारा आढावा लोकप्रिय आहे आणि तो पाहायला गंमत वाटते, हे मी नाकारत नाही. पण तो मोजतो ती केवळ वारंवारता. माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते ते काम करताना मागे वाजणारे, मला धड आठवतही नसलेले संगीत. गॅब्रिएलसन यांच्या हकिगतींतील अनुभव पुष्कळांना एकदाच आलेले होते, आणि बऱ्याच जणांना ते प्रत्यक्ष मैफलीत आले होते. तसाच अनुभव पुन्हा येणार नाही या भीतीने ती रचना परत ऐकणे टाळणारेही असतात. अशा रचनेची नोंद या आढाव्यात एक किंवा शून्य एवढीच होणार.

ज्यांना संगीताने फारसे काही होतच नाही, त्यांनी या याद्यांवरून स्वतःबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. बार्सिलोनातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की, काही निरोगी माणसांना इतर गोष्टींत नेहमीसारखे सुख मिळते, संगीताची चालही त्यांना नीट कळते, आणि तरीही संगीतातून सुख मिळत नाही. त्यांच्यासाठी पैसे भरून घेण्याची आवृत्ती निरुपयोगी आहे आणि सेवेनेही त्यांना हमखास शहाऱ्यांचे आमिष दाखवू नये.

मी स्वतः पैसे भरलेली आवृत्ती चालू ठेवली आहे, ती जाहिराती टाळण्यासाठी आणि शोधासाठी. मनःस्थितीच्या याद्या कामाच्या वेळेपुरत्या वापरतो. लक्षपूर्वक ऐकायचे असेल तेव्हा यादीऐवजी पूर्ण अल्बम उघडतो, रचना आधीच उतरवून घेऊन नेट बंद करतो, आणि शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणे), क्रॉसफेड व ऑटोप्ले या तिन्ही सोयी बंद ठेवतो. तक्रार एवढीच की, या तिन्हींची बटणे सेटिंगच्या तीन वेगवेगळ्या पानांवर आहेत आणि ॲप अद्ययावत झाल्यावर ऑटोप्ले न विचारता पुन्हा सुरू झालेला आढळतो. पूर्ण रचना एकदाच वाजवून गप्प बसणारे एखादे बटण पहिल्या पडद्यावर दिले, तर या सेवेला मी एक तारा जास्त देईन. सध्या पाचपैकी तीन.