२५ हर्ट्झचा जीपीएस लॉगर: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

"माझी काट्यावर एकशेचाळीस जाते" हे ऐकायला कोल्हापुरात कुठल्याही गॅरेजसमोर पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरतं. उद्यमनगरात तर मागवलेला चहा यायच्या आत दोनदा कानावर येतं. त्यावर उतारा म्हणून हा काडेपेटीपेक्षा जरा मोठा डबा, म्हणजे उपग्रहावरून सेकंदाला २५ वेळा गाडीचा वेग आणि जागा नोंदवणारा लॉगर, आमच्या बाइकवाल्यांच्या टोळीत आला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातले तीन-चार डबे आतून जवळपास सारखेच आहेत आणि खालचं सगळं त्या सर्वांना लागू पडतं. किंमत साधारण चांगल्या टायरच्या एका जोडीएवढी.

आधी काट्याचं बघू. संयुक्त राष्ट्रांचा स्पीडोमीटरसाठीचा नियम आर ३९ सांगतो की काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, जास्त मात्र १० टक्के अधिक ४ किमी इतका दाखवला तरी चालेल. म्हणजे गाडी खरी ८० ला असताना काटा ९२ वर असला तरी तो नियमातच बसतो. कुठलीही कंपनी कमी दाखवायचा धोका घेत नाही, म्हणून जवळजवळ सगळे काटे वरच बोलतात. त्यात टायर झिजला की भर पडते. ३२० मिमी त्रिज्येचं चाक ५ मिमी झिजलं की दीड टक्का गेला. टोळीतल्या गाड्या लॉगरला लावल्यावर काट्यावरच्या १०० चे खरे ९१ ते ९६ निघाले, आणि महिनाभर काही जणांची तोंडं उतरलेली होती.

मोबाइलवर फुकट अॅप असताना हा खर्च कशाला, हे सगळेच विचारतात. बहुतेक मोबाइल सेकंदाला एकदाच जागा नोंदवतात. १०० च्या वेगाला एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. २५ हर्ट्झला दर १.१ मीटरला नोंद होते. स्थिर वेग बघायला मोबाइल चालतो, पण ०-६० किंवा ४०-८० चं पिकअप मोजायचं तर त्याचा आकडा अंदाजपंचे. दुसरं म्हणजे चांगला लॉगर दोन जागांमधल्या अंतरावरून वेग काढत नाही. उपग्रहाच्या लहरींच्या डॉप्लर फरकावरून थेट वेग काढतो, म्हणून उघड्या आभाळाखाली चूक ताशी पाव किलोमीटरच्या आतच राहते.

बसवण्यात मात्र लोक गोंधळ घालतात. डब्याला आभाळ दिसलं पाहिजे. सीटखाली लोखंडी पत्रा असेल तर उपग्रह अर्धे होतात. टाकीवर लावला आणि चालवणारा टाकीवर झोपला, तर छातीनं आभाळ झाकलं जातं आणि नेमक्या टॉपच्या (सर्वात जास्त वेगाच्या) वेळची नोंद खराब होते. सगळ्यात बरी जागा शेपटीवर, मागच्या दिव्याच्या वर. चुंबकाचा माउंट टाकी लोखंडी असेल तरच, अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिकला तो धरत नाही. दुहेरी फोम टेप लावणार असाल तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि रात्रभर दाबून ठेवा. पॉलिशवर टेप धरत नाही. ३५० सीसीच्या एक सिलिंडरवाल्या गाडीवर टेपशिवाय एक बारीक दोरी हवीच. ती धडधड तासाभरात कुठलाही क्लिप सैल करते.

सुरू केल्याकेल्या पळू नका. अॅपमध्ये एचडीओपी (उपग्रहांच्या मांडणीमुळे जागा किती चुकू शकते त्याचा आकडा, कमी तितका बरा) १ च्या खाली आणि उपग्रह किमान १२ दिसेपर्यंत थांबा. रोजच्या वापरात अर्धा मिनिट लागतं, महिनाभर पडून असेल तर दोन-तीन मिनिटं. पन्हाळ्याच्या चढावर झाडीखाली आणि गगनबावड्याच्या घाटात दरडीच्या बाजूला उपग्रह गळतात. तिथले आकडे कुणी दाखवले तर ऐकून सोडून द्यावेत.

अॅपमधली एक सेटिंग सगळ्या भांडणांचं मूळ आहे: रोलआउट. अमेरिकन ड्रॅग स्ट्रिपवर गाडी साधारण एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू होतं, तीच पद्धत अॅपमध्ये देतात. रोलआउट चालू ठेवलं की ०-१०० चा वेळ पाव सेकंदाच्या आसपास कमी दिसतो. पैज लावताना ते सगळ्यांचं चालू किंवा सगळ्यांचं बंद. तसंच उताराचं. १ टक्क्यापेक्षा जास्त उतार असलेली फेरी बहुतेक अॅप बाद धरतात, आणि ते योग्यच आहे.

आता ज्यासाठी हा डबा खरा कामाचा, ते सांगतो. एकाच दिशेचा आकडा म्हणजे गप्पा. ताशी १० किमीचा समोरचा वारा ८० च्या वेगाला हवेचा विरोध २७ टक्क्यांनी वाढवतो, तोच वारा पाठीमागून आला की २३ टक्क्यांनी घटवतो. "भावा, मागनं वारा होता म्हणून पळाली तुझी" असं यामाहा आरएक्सवाला म्हणतो तेव्हा तो जळत नसतो, बरोबर बोलत असतो. अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाच्या विक्रमासाठी उलट-सुलट दोन फेऱ्यांची सरासरी धरतात ती याचसाठी. २०१० मध्ये रॉकी रॉबिन्सननं तिथे ताशी ३७६.३६३ मैल, म्हणजे ६०५ किमीच्या वर विक्रम केला तोही दोन दिशांच्या सरासरीचाच. त्या लांबुळक्या गाडीत सुझुकी हायाबुसाची दोन टर्बो इंजिनं होती.

बर्ट मन्रोचं उदाहरण तर प्रत्येक पैजवाल्यानं पाठ करावं. न्यूझीलंडच्या इन्व्हरकारगिलचा हा गडी १९२० च्या इंडियन स्काउट मोटरसायकलचे पिस्टन घरीच ओतायचा. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना तो लगेच आपला वाटेल. १९६७ मध्ये बॉनव्हिललाच त्याचा विक्रम ताशी १८३.५८६ मैल नोंदला गेला. प्रत्यक्षात दोन फेऱ्या १८४.७१० आणि १८३.४६३ च्या होत्या, सरासरी १८४.०८७. बेरीज-भागाकाराची ती चूक २०१४ मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर ३६ वर्षांनी दुरुस्त झाली. त्यामुळे लॉगरचे आकडे वहीत लिहिताना दोन्ही फेऱ्या वेगवेगळ्या लिहा, नुसती सरासरी नको.

आपल्याकडे दिशेचा एक पेच आहे. पुणे-बेंगळुरू हायवे कोल्हापूरजवळ ढोबळमानानं उत्तर-दक्षिण, आणि पावसाळ्यातला वारा पश्चिमेचा. म्हणजे तो आडवा लागतो. आडवा वारा दोन्ही फेऱ्यांत थोडं थोडं खातो, सरासरीनं तो निघत नाही. गगनबावड्याच्या रस्त्यावर तोच वारा समोरून आणि मागून लागतो, तिथे सरासरी कामाची. बाकी हायवेवर टॉप काढायचा नाद करू नये. टॉपसाठी बंद ट्रॅक किंवा परवानगीची खासगी धावपट्टी. मोहित्यांच्या ट्रॅकवर लॅप मोजायला लॉगर झकास चालतो, टॉप तिथे निघत नाही.

आणि टॉपची तशी गरजही नाही. ८५ च्या वर न जातासुद्धा हा डबा हवेचा विरोध मोजून देतो. सपाट, मोकळा, सरळ रस्ता घ्या. ८५ पर्यंत जा, न्यूट्रल टाका (क्लच नुसता दाबून ठेवला तर तेलातल्या प्लेटी ओढतात) आणि ८० ते ६० उतरायला किती सेकंद लागतात ते बघा. २०० किलोची गाडी आणि ८० किलोचा माणूस धरला, ताठ बसलं तर गणितानं साडेनऊ सेकंदांच्या जवळ येतात. टाकीवर झोपलं तर साडेअकरा. नुसत्या बसण्यानं दोन सेकंद! पण १ टक्का उतार तेवढाच फरक पाडतो, म्हणून प्रत्येक दिशेला तीन फेऱ्या, टायरातली हवा तीच, कपडे तेच. फडफडणारं जाकीट लगेच आकड्यात दिसतं. १९४८ मध्ये रोली फ्रीनं व्हिन्सेंट मोटरसायकलवर पोहण्याच्या चड्डीत पोटावर आडवं पडून १५०.३१३ मैल काढले, कारण आधीच्या फेरीत वेगानं त्याचे चामडी कपडेच फाटले होते. आपण तेवढं करायचं नाही. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावली तरी बास.

सॉकेट (स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक) बदलणाऱ्यांसाठी या लॉगरची खरी कमाई. रॉयल एनफिल्डच्या काँटिनेंटल जीटी ६५० चं उदाहरण घेऊ: पुढे १५ दाते, मागे ३८, प्रायमरी (इंजिन ते क्लचचं गुणोत्तर) २.०५, पाचवा गिअर ०.९६३, सहावा ०.८५२. मागचा १३०/७०-१८ टायर एका फेऱ्यात साधारण २ मीटर जातो. खरा टॉप १७० च्या आसपास. त्या वेगाला पाचव्यात इंजिन ७,०५० वर असतं, सहाव्यात ६,२५० वर. सगळ्यात जास्त ताकद मिळते ७,२५० ला. म्हणजे या गाडीचा टॉप पाचव्यात निघतो, सहावा लांबच्या प्रवासाचा आहे. आता पुढे १६ चं सॉकेट लावून "टॉप वाढला" म्हणणाऱ्याला विचारा. पाचव्यात १७० ला इंजिन ६,६०० वर उतरतं, ताकदीच्या शिखरापासून लांब. सहाव्यात तर आणखी खाली. १६ चा फायदा दुसराच: १०० ला सहाव्यात ३,६७० ऐवजी ३,४४० आरपीएम. पुणे गाठायला बरं, पैज जिंकायला नाही. शिवाय ज्या गाड्यांचा सेन्सर गिअरबॉक्सवर आहे, तिथे सॉकेट बदललं की काटाही बदलतो. पुढच्या चाकावरून केबल असलेल्या जुन्या गाड्यांना ती भानगड नाही.

कार्ब्युरेटरवाल्यांनी ०-१०० सोडून द्यावं, त्यात क्लच सोडण्याचा हात मध्ये येतो. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ला स्थिर, मग पूर्ण थ्रॉटल, ८० पर्यंत. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक नंबर वर-खाली केल्याचा फरक ०.१ ते ०.३ सेकंदात दिसतो, आणि फेरी-फेरीतला फरकच ०.१ चा असतो. म्हणून एका फेरीवर जेट ठरवू नका. प्लगचा रंगही सोबत बघायचाच. वेळ तीच ठेवा: सकाळच्या २० अंशांपेक्षा दुपारी ३८ अंशांत हवा जवळपास ६ टक्के विरळ असते, ताकदही तेवढी घटते. एप्रिलच्या दुपारी जेट बदलून "गाडी बसली" म्हणणारे यातच फसतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्यानं किनाऱ्यावर सेट केलेली गाडी इथे आधीच किंचित रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) चालते.

बिअरचा मुद्दा, कारण पैजा त्यावरच लागतात. नियम आधी ठरवायचे, बाटली नंतर: दोन दिशा, उतार १ टक्क्याच्या आत, टायरात कंपनीनं सांगितलेली हवा, रोलआउट बंद. हरणारा पाजणार. आणि मोजणी, दुरुस्ती, गाडी घरी लावणं हे सगळं उरकल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. ६५० मिलीच्या ७ टक्के स्ट्राँग बाटलीत सुमारे ३६ ग्रॅम अल्कोहोल असतं. ७५ किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते १०० मिलीला ७० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. कायद्याची मर्यादा ३०. शरीर तासाला साधारण १५ उतरवतं, म्हणजे एका बाटलीनंतर नुसतं कायद्यात यायला तीन तास, शून्यावर यायला साडेचार-पाच. "एकच घेतली" या वाक्याचा काटासुद्धा तपासून बघावा असाच आहे.

आता कुरबुरी. पावसात डबा टिकतो, चार्जिंगच्या भोकावरचं रबर टिकत नाही. ते सैल झालं की आत ओल जाते आणि पिना हिरव्या पडतात. रबरावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या आणि ओला डबा कधीच चार्जिंगला लावू नका. एप्रिल-मेमध्ये काळ्या टाकीवर ठेवून गाडी उन्हात लावली की बॅटरी गरम होऊन डबा स्वतःच बंद पडतो. शेपटीवर तो त्रास कमी. मोबाइल पुढच्या खिशात आणि डबा मागे असेल तर मधल्या अंगामुळे ब्लूटूथ तुटतं. ज्या मॉडेलमध्ये आतली मेमरी आहे तेच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. मेमरी नसेल तर मोबाइलची बॅटरी सेव्हर त्या अॅपपुरती बंद करा, नाहीतर स्क्रीन विझल्यावर नोंदीत भोकं पडतात.

नोंद फाइल म्हणून बाहेर काढताना जीपीएक्स प्रकार निवडू नका. त्यात सहसा वेग साठवला जात नाही, पुढचं सॉफ्टवेअर तो जागांवरून परत काढतं आणि आलेख दातेरी होतो. सीएसव्ही किंवा व्हीबीओ घ्या.

ब्रेकसाठीही वापरा. कोरड्या रस्त्यावर ६० वरून शून्य साधारण १८ मीटरला येत असेल तर पॅड आणि टायर ठीक. तीच गाडी महिन्यांनी २२ घ्यायला लागली तर आधी पॅड आणि टायरातली हवा बघा, मग ब्रेक ऑइल. ज्यांच्याकडे १० हर्ट्झचा जुना डबा आहे त्यांनी नवा घ्यायची घाई करू नये. ८० ते ६० ची उतरण आणि ४०-८० चं पिकअप त्यावरही नीट निघतं, फक्त फेऱ्या दोन-दोन जास्त माराव्या लागतात.