माथेरानच्या जुन्या बंगल्यात तीन रात्री: व्हरांडा उत्तम, शनिवार टाळावा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवार ते रविवार, आम्ही उभयता माथेरानला राहिलो. मुक्काम बाजारपेठेपासून थोड्या अंतरावर असलेल्या आणि आता हॉटेल झालेल्या एका जुन्या बंगल्यात होता. पुढे काही तक्रारी येणार असल्याने त्याचे नाव मुद्दाम देत नाही.

माथेरानात हॉटेल निवडणे म्हणजे आपण किती चालणार हे ठरवणे, ही गोष्ट आम्हाला तेथे पोहोचल्यावर उमगली. मोटारींना दस्तुरी नाक्याच्या पुढे प्रवेश नाही. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर दूर आहे आणि हे अंतर पायी, घोड्यावरून, ई-रिक्षाने किंवा अमन लॉज स्थानकातून सुटणाऱ्या छोट्या गाडीच्या शटलने कापावे लागते. आरक्षण करताना दूरध्वनीवर आम्हाला ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ असे सांगण्यात आले होते. ती दहा मिनिटे रिकाम्या हाताने चालणाऱ्या माणसाची होती. चाकांची बॅग लाल मातीत आणि दगडांवर ओढत जाणाऱ्याला पंचवीस लागतात. शेवटी एका हमालदादांनी ती बॅग डोक्यावर घेतली आणि आमच्या आधी हॉटेलवर पोहोचवली.

नेरळहून निघणारी गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेल्या आणि १९०७ मध्ये पूर्ण झालेल्या, जेमतेम दोन फूट रुंदीच्या रुळांवरून वळणे घेत चढते. या प्रवासाला दोन तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणून आम्ही दस्तुरीपर्यंत टॅक्सीने गेलो. त्यामुळे वाटेतला ‘वन किस टनेल’ हा एका चुंबनापुरता छोटा बोगदा हुकला, याची आठवण आमच्या यजमानांनी तीन दिवसांत किमान चार वेळा करून दिली. त्या बोगद्याची लांबी पाहता आमचे फार मोठे नुकसान झाले, असे मला वाटत नाही.

खोलीच्या जाहिरातीत ‘व्हॅली व्ह्यू’ असे शब्द होते. प्रत्यक्षात खिडकीसमोर जांभूळ आणि अंजनीची इतकी दाटी होती की पलीकडे दरी आहे, हे व्यवस्थापकांच्या शब्दावरच मानावे लागले. पहिल्या दिवशी याचा राग आला; दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओसरला. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर असली, तरी मे महिन्यात दुपारी कड्यावरच्या उघड्या जागी ऊन चांगलेच लागते. लुईझा पॉइंटवरून घामाघूम होऊन परतल्यावर, उंच छपराच्या आणि झाडांच्या सावलीतल्या त्या खोलीत पंखाही मध्यम गतीवर पुरत होता. पैसे जास्त देऊन कड्यालगतची खोली घेणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

या हॉटेलची खरी जमेची बाजू म्हणजे खोलीपुढचा रुंद व्हरांडा आणि त्यातल्या लांब हातांच्या दोन आरामखुर्च्या. पहिल्या सकाळी चहा आणणाऱ्या मुलाने ट्रेबरोबर वेताची एक काठी आणली, ती खुर्चीला टेकवून ठेवली आणि काही न बोलता तो निघून गेला. काठीचे प्रयोजन लवकरच कळले. कौलांवरून उतरलेल्या एका माकडाने आधी साखरेचे भांडे उघडून पाहिले, मग बिस्किटांचा पुडा उचलला आणि आम्ही काठीकडे हात नेईपर्यंत ते समोरच्या फांदीवर बसून तो सोलू लागले. त्यानंतर आम्ही चहा नुसताच घेतला. संध्याकाळी मात्र त्याच जागी तास-दीड तास काही न बोलता बसता येत असे, कारण रस्त्यावर इंजिनाचा आवाज नाही, हॉर्न नाही. दूरवर घोड्याच्या टापा ऐकू आल्या, तर तेवढ्याच.

जेवण भाड्यातच धरलेले होते. ते साधे आणि गरम असे, परंतु रात्री साडेनऊनंतर स्वयंपाकघर बंद होई. गरम पाणी फक्त सकाळी सात ते साडेआठ या वेळेत मिळे, त्यामुळे पॅनोरमा पॉइंटवर सूर्योदय पाहायला गेलो त्या दिवशी आम्हाला गार पाण्यानेच आंघोळ करावी लागली. ही वेळ आरक्षणाच्या वेळी सांगायला हवी होती.

मुख्य तक्रार शनिवारची आहे. त्या दिवशी दुपारपर्यंत हॉटेल भरले, अंगणात ध्वनिक्षेपक लागला आणि दोन दिवस ज्या शांततेचे आम्ही कौतुक करत होतो, ती रात्री बारापर्यंत फिरकली नाही. तक्रार केल्यावर आवाज कमी झाला, पण पंधरा मिनिटांपुरताच. ज्या जोडप्यांना निवांतपणा हवा आहे, त्यांनी रविवारी संध्याकाळी गर्दी उतरू लागल्यावर वर चढावे आणि गुरुवारी परतावे.

आम्ही पुन्हा येथेच उतरू, आणि तीच झाडांआडची खोली मागू. निघताना पुढच्या वर्षीच्या सोमवार ते बुधवारसाठी तसे सांगितले, तेव्हा व्यवस्थापकांनी ते वहीत लिहून घेतले आणि खोली सकाळी नऊलाच सोडावी लागेल, याची पुन्हा एकदा आठवण करून दिली.