केळीचं प्रोटीन पाठवलं, रिपोर्टात मीच निघाले: एका मास स्पेक सर्व्हिसचा अनुभव

जळगाव-धुळ्याकडे कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोटीनवर काम करणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितेय. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोन महिने आणि मॅडमची बोलणी दोन्ही वाचली असती. पुण्यात एक लॅब आहे, पैसे घेऊन जेलचा बँड (जेलमध्ये विजेच्या जोरावर आकारानुसार वेगळं झालेल्या प्रोटीनचा पट्टा) मास स्पेकवर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या मशीनवर चालवून कुठलं प्रोटीन आहे ते सांगते. नाव लिहीत नाही, कारण निम्मी चूक माझी आहे आणि उरलेली निम्मी अशा बऱ्याच ठिकाणी होत असणार. रेटिंग म्हणाल तर मशीनला ५ पैकी ५, रिपोर्टला २, फोन उचलणाऱ्या ताईंना ५, बिलाला शून्य.

काम काय तर रावेरकडची ग्रँड नैन केळी, पिकताना गरात कुठली प्रोटीनं वाढतात ते बघायचं. गर वाटला की पाच मिनिटांत काळा पडतो, त्यातले फिनॉल काढता काढता नाकी नऊ येतात, तो वेगळा विषय. शेवटी जेलवर स्वच्छ बँड आले, १५ केडीएच्या (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास एक जाडजूड, २० च्या वर एक, ३० च्या पुढे एक. तिन्ही ब्लेडने कापले, ट्यूबमध्ये टाकले आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला रवाना. बर्फाचा खटाटोप केला नव्हता, जेलमध्ये फिक्स झालेलं प्रोटीन एवढ्यातेवढ्याने खराब होत नाही.

रिपोर्ट आला. पहिल्या नंबरवर मानवी केराटिन. दुसऱ्यावर पण केराटिन. केराटिन म्हणजे आपल्या कातडीतलं आणि केसातलं प्रोटीन, म्हणजे केळी रावेरची आणि प्रोटीन भुसावळच्या पोरीचं! मॅडम म्हणाल्या, तुझ्यावरच थिसिस लिही आता. झालं असं की मे महिना, पारा ४४ च्या वर, एवढ्या गरमीत कोण कोट घालून बसणार, फुल स्पीड पंख्याखाली उघड्या टेबलावर बँड कापले होते, वेणी खांद्यावरून पुढे आलेली. हवेत उडणारी कातडीची धूळ सुद्धा या मशीनला पुरते, आणि फिकट बँडमध्ये तर आपलंच प्रोटीन जास्त भरतं. आता पंखा बंद, केस बांधून टोपी, बाह्यांवर चढतील असे ग्लोव्ह्ज, काचेची प्लेट आधी धुवून पुसून. घाम येतो, येऊ दे, फक्त प्लेटवर पडू देऊ नका.

पण इथेच सर्व्हिसवर पहिला राग आहे. केराटिन म्हणजे बाहेरची घाण हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी रिपोर्टात एका शब्दाने तसं लिहिलेलं नव्हतं, नुसती यादी चिकटवून पूर्ण पैसे लावले. एका बँडचे पैसे म्हणजे आमच्या होस्टेलचा महिन्याचा मेस, आणि मी तीन पाठवले होते.

दुसरा राग डेटाबेसचा. मशीन काही प्रोटीनचं नाव वाचत नाही. ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम प्रोटीनला लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे कापतं, ते तुकडे (पेप्टाइड) मशीनमध्ये जातात, त्यांची आणि ते फोडून झालेल्या बारक्या तुकड्यांची वजनं मिळतात, मग ती वजनं डेटाबेसमधल्या प्रोटीनांशी जुळवून बघायची. म्हणजे जुळवणार कशाशी यावर सगळं. यांनी सगळ्या वनस्पती एकत्र टाकून शोध घेतला, त्यामुळे भाताचं काही, मक्याचं काही असली खिचडी आली. केळीचा जीनोम, म्हणजे ज्यावरून प्रोटीनांची यादी निघते तो जनुकांचा पूर्ण नकाशा, २०१२ सालीच आलाय, मुसा अक्युमिनाटा या केळीच्या प्रजातीचा, आणि आपली ग्रँड नैन त्याच घरातली. फोनवरच्या ताईंना सांगितलं, त्यांनी एका दिवसात केळीवर शोध लावून दिला आणि १५ चा जाडा बँड लगेच बॅनलेक निघाला, केळीतलं लेक्टिन, मॅनोज साखरेला चिकटणारं. त्या दिवशी लॅबमध्ये शेवभाजीची पार्टी झाली, पैसे माझेच गेले.

आता खरी मजा २० च्या वरच्या बँडची, आणि हे नीट वाचा कारण ही गोष्ट जेल बनवतानाच ठरते, पुण्यात नाही. त्यात थॉमॅटिन नावाच्या गोड प्रोटीनच्या कुळातलं, थॉमॅटिनसारखं प्रोटीन असावं असा आमचा अंदाज होता, पण रिपोर्टात जेमतेम दोन पेप्टाइड. या प्रोटीनमध्ये १६ सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) असतात, दोन-दोन जुळून आठ डायसल्फाइड जोड्या. पुण्यात डीटीटी नावाच्या रसायनाने जोड्या तोडून, त्या पुन्हा जुळू नयेत म्हणून आयोडोॲसिटामाइड लावतात, म्हणजे प्रत्येक सिस्टीनचं वजन ५७ डाल्टनने वाढतं आणि कॉम्प्युटरला तेवढंच वजन धरायला सांगतात. माझ्या सिस्टीनवर मात्र ७१ आधीच बसलेलं होतं. ७१ म्हणजे ॲक्रिलामाइड. ते आलं माझ्या जेलमधून!

घाई नडली. जेल म्हणजे ॲक्रिलामाइडच्या साखळ्या, बिस नावाचं दुसरं रसायन त्यांना आडवे टाके घालतं, एपीएस आणि टेमेड ही आणखी दोन रसायनं मिळून सुरुवातीची ठिणगी टाकतात. ॲक्रिलामाइड किती आणि बिस किती यावर भोकं केवढी ते ठरतं, चाळणीसारखं, छोटं प्रोटीन भोकांतून लवकर खाली जातं. जेल दिसायला अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतो पण आत थोडं ॲक्रिलामाइड सुटं राहिलेलं असतं, आणि रन चालू असताना ते मोकळ्या सिस्टीनला जाऊन चिकटतं. आमच्याकडे दुपारी लाइट जायची वेळ ठरलेली, म्हणून मी जेल घट्ट दिसला की लगेच सॅम्पल भरायचे. आता खालचा जेल, जिथे प्रोटीनं वेगळी होतात तो, आदल्या संध्याकाळी बनवते, वर ओला कागद गुंडाळून रात्रभर ठेवते, वरचा स्टॅकिंग, म्हणजे सॅम्पल भरायचा छोटा जेल, तेवढा सकाळी ओतते.

उन्हाळ्यात अजून एक, इतक्या गरमीत टेमेड टाकून ओतेपर्यंतच जेल धरायला लागतो, कडेला आधी आणि मध्ये नंतर, मग बँड हसल्यासारखे वाकडे येतात. आम्ही फिजिक्सवाल्यांच्या एसी खोलीत जाऊन ओततो, त्यांना वाटतं काहीतरी मोठं चाललंय. थंडीत उलट, धरतच नाही, मग सगळे टेमेडला शिव्या देतात आणि दोष निघतो महिनाभर जुन्या एपीएसच्या पाण्याचा. एपीएस रोज ताजं करा. वरून आयसोप्रोपॅनॉलचा थर द्या, हवेतला ऑक्सिजन जेलला धरू देत नाही. आणि सुटं ॲक्रिलामाइड नसांना घातक आहे, उघड्या हाताने वजन करणारे सीनिअर मी पाहिलेत, त्यांच्यासारखं करू नका.

ताईंना ७१ चं सांगितल्यावर त्यांनी शोधात तेही वजन धरून पुन्हा चालवलं, दोनाचे नऊ पेप्टाइड झाले. पण रॉ फाइल, म्हणजे मशीनमधून निघालेला मूळ डेटा, मागितली तर वेगळे पैसे! माझंच सॅम्पल, माझेच पैसे, आणि डेटा त्यांच्याकडे. ऑर्डर देतानाच रॉ फाइल आणि डेटाबेस दोन्ही लिहून घ्या, नंतर भांडायला जीव राहत नाही.

याच मास स्पेकवर प्रोटीन कसं मोजायचं ते शोधणाऱ्या तनाका नावाच्या जपानी इंजिनिअरने एकदा कोबाल्टच्या पावडरीत ॲसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन टाकलं, फेकायचं नाही म्हणून तसंच मशीनमध्ये वापरून बघितलं, आणि पुढे २००२ चं नोबेल मिळालं. आमच्याकडे चूक झाली की मॅडम म्हणतात पुन्हा जेल लाव.

दुसऱ्यांदा पाठवलेल्या बँडमध्ये केराटिन खाली गेलं, वर बॅनलेक, थॉमॅटिनवालं आणि कायटिनेज, बुरशीची भिंत तोडणारं एन्झाइम. म्हणजे पुन्हा पाठवीन का तर हो, पाठवीन.

बिल मात्र अजून पास नाही. त्यांनी बिलावर लिहिलंय, "केळी, ३ नग." अकाउंट सेक्शनच्या भाऊंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "ताई, जळगावात राहून तीन केळी पुण्याहून कशाला मागवल्या?"