एआरटीनंतर वाढलेले एसजीपीटी: प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया की औषधाची इजा?

हिपॅटायटिस बीचीही लागण असलेल्या एचआयव्ही रुग्णाला एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधे) सुरू करून दीड-दोन महिने होतात, सीडी-फोर पेशी (एचआयव्ही नष्ट करतो त्या प्रतिकारपेशी) वाढू लागतात आणि नेमके तेव्हाच एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) ४०० वर जाते. गोळी चालू ठेवावी की थांबवावी, हे ठरवण्यापूर्वी वाढीची दोन कारणे वेगळी करावी लागतात.

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतपेशींना स्वतः फारसा मारत नाही. त्या मरतात त्या मुख्यतः लागण झालेल्या पेशींवर चालून जाणाऱ्या प्रतिकारयंत्रणेच्या टी पेशींमुळे. एचआयव्हीने दुबळी केलेली ही यंत्रणा उपचारांनी पुन्हा जागी झाली की यकृताचा दाह वाढतो, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, आणि उपचारापूर्वीच हिपॅटायटिस बीचा विषाणूभार (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) व एसजीपीटी जास्त असलेल्यांत अधिक प्रमाणात.

औषधाची इजा म्हटली की जुन्या डॉक्टरांना नेव्हिरपिन हे एचआयव्हीचे जुने औषध आठवते: पहिल्या सहा आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ आणि यकृतदाह, विशेषतः सीडी-फोर २५० च्या वर असलेल्या स्त्रियांत. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्रॅविर यांच्या आजच्या गोळीने असे क्वचितच होते. म्हणून क्षयाचे उपचार चालू असल्यास संशय आधी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड या क्षयाच्या औषधांवर घ्यावा आणि घरगुती काढ्यांचीही चौकशी करावी, कारण गुळवेल घेणाऱ्यांतील यकृतदाहाचे रुग्ण मुंबईतच नोंदले गेले आहेत.

सर्वांत उपयोगी खूण हिपॅटायटिस बीच्या विषाणूभाराची. एसजीपीटी चढत असताना तो उतरत असेल, तर कौल प्रतिकारशक्तीकडे झुकतो. पुरळ किंवा इओसिनोफिल पेशींची (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची) वाढ औषधाकडे बोट दाखवते. विषाणूभारच चढत असेल, तर चुकलेले डोस किंवा केवळ लॅमिव्हुडिनवर काढलेली वर्षे (त्याने विषाणू औषधाला दाद देईनासा होतो) तपासावीत. क्षयरोग्यात अल्कलाइन फॉस्फटेज व जीजीटी या यकृताच्या एन्झाइमांची वाढ आणि दुखरे, वाढलेले यकृत दिसल्यास क्षयाशी निगडित प्रतिकार-प्रतिक्रियेची शक्यता बळावते.

क्षयाची यकृतघातक औषधे लक्षणे नसताना एसजीपीटी सामान्य कमाल मर्यादेच्या पाचपट, लक्षणे असताना तिप्पट झाल्यावर थांबवतात. टेनोफोविर-लॅमिव्हुडिनला मात्र हा नियम सरसकट लावणे मला धोक्याचे वाटते, कारण ती दोन्ही हिपॅटायटिस बीलाही आवर घालतात आणि थांबताच तो उसळून यकृत निकामी होऊ शकते. एआरटीची तिन्ही औषधे एकाच गोळीत असल्याने ही चूक सहज घडते. संशय डोल्युटेग्रॅविरवर असेल, तर तेवढेच बदलून उरलेली दोन चालू ठेवावीत. कावीळ, ग्लानी किंवा आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.५ च्या वर असल्यास रुग्णाला दाखल करून यकृततज्ज्ञाच्या सल्ल्यानेच पुढचे ठरवावे.