उजेड ट्यूबचा, आवाज चिपचा : हायब्रिड गिटार अ‍ॅम्पच्या किटमधली फसवणूक

‘१२एएक्स७ ट्यूब प्रीअ‍ॅम्प, एलएम३८८६ पॉवर स्टेज, ६८ वॅट’ असं लिहून ऑनलाइन विकलेल्या एका किटची तपासणी केली, तर तिन्ही दावे खोटे निघाले. १२एएक्स७ ही निर्वात काचनळी, म्हणजे ट्यूब, गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवते, ते प्रीअ‍ॅम्पचं काम; एलएम३८८६ ही चिप त्याला स्पीकर वाजवण्याइतकी ताकद देते, ती पॉवर स्टेज. ट्यूब आणि चिप किंवा ट्रान्झिस्टरच्या अशा जोडीला हायब्रिड म्हणतात. या किटमध्ये ट्यूब होती, पण आवाजाच्या वाटेत नव्हती. घरी हायब्रिड अ‍ॅम्प बांधणाऱ्यांचे पैसे इथेच बुडतात.

पहिली खूण स्विच टाकताच मिळते. १२एएक्स७चा हीटर तापायला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि तोवर तिच्यातून सिग्नल जाऊच शकत नाही. या किटमधून गिटारचा आवाज लगेच आला. मग वीज बंद केली, कपॅसिटर रिकामे झाल्याची मल्टिमीटरने खात्री केली, ट्यूब काढून ठेवली आणि पुन्हा चालू केलं. आवाजात तसूभर फरक नाही. बोर्डावरच्या रेघा तपासल्या, तर सिग्नल ऑप-अ‍ॅम्पमधून, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या एका छोट्या चिपमधून, थेट पॉवर चिपकडे जात होता आणि सॉकेटच्या मधल्या भोकातून नारिंगी एलईडी काच उजळवत होता.

हायब्रिड म्हणजे फसवणूक, असं मुळीच नाही. १९९०च्या दशकातल्या मार्शल व्हॉल्व्हस्टेट अ‍ॅम्पमध्ये प्रीअ‍ॅम्पला ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७, आणि पुढे ट्रान्झिस्टरची पॉवर स्टेज होती. पण ट्यूबकडून पूर्ण काम घ्यायचं तर तिला साधारण २५० व्होल्ट लागतात. म्हणून पैसे भरण्याआधी बोर्डाचा फोटो मोठा करून कपॅसिटरवरचे आकडे वाचा. सगळे २५, ३५ किंवा ५० व्होल्टचे असतील आणि एकही ३५० वा ४०० व्होल्टचा नसेल, तर त्या बोर्डावर २५० व्होल्ट नाहीतच. काही किटमध्ये ट्यूब खरोखर वाटेत असते, पण प्लेटला, म्हणजे वाढलेला सिग्नल जिथून बाहेर पडतो त्या तिच्या टोकाला, जेमतेम ३० व्होल्ट मिळतात. मग गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, घसरतो आणि सिग्नल फार लवकर चेपला जातो. तसा आवाज कोणाला आवडूही शकतो, पण विक्रेत्याने ते आधी सांगायला हवं.

खरी स्टेज अशी मोजा: पुरवठा २५० व्होल्ट, प्लेटला १०० किलोओहमचा रेझिस्टर, कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) १.५ किलोओहमचा. पिन १ आणि ६ (प्लेट) वर १६० व्होल्टच्या आसपास, पिन ३ आणि ८ (कॅथोड) वर सव्वा ते दीड व्होल्ट दिसायला हवेत. हे व्होल्टेज जीव घेऊ शकतं. एक हात खिशात ठेवूनच मोजा आणि पुरवठ्याच्या कपॅसिटरवर २२० किलोओहम, १ वॅटचा ब्लीडर, म्हणजे वीज बंद झाल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर, कायमचा लावा.

चिपचं प्रकरण वेगळं. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवताच काळा थर निघाला आणि खाली घासलेली जुनी अक्षरं दिसली. अस्सल एलएम३८८६ सिग्नल नसताना साधारण ५० मिलीअँपिअर घेते, ही चिप त्याच्या निम्माही करंट घेत नव्हती. अनोळखी चिप पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब घरच्या विजेच्या तारेत सिरीजमध्ये लावा. तो क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर तत्काळ बंद करा.

वॅटचा दावा मात्र ट्रान्सफॉर्मरवरच कोसळला. ४ ओहमच्या स्पीकरवर ६८ वॅटसाठी चिपला मिळणारे ±२८ व्होल्ट टिकले पाहिजेत. ‘२०-०-२०, ३ अँपिअर’ लिहिलेल्या या ट्रान्सफॉर्मरवर लोड येताच ते ±१९वर आले. आउटपुटचं शिखर १५ व्होल्टला कापलं गेलं, म्हणजे हाती आले २८ वॅट. वाइंडिंगच्या टोकाचं इनॅमल खरवडलं तर आत तांबं नव्हे, पांढरं अ‍ॅल्युमिनियम, ज्यावर साधं सोल्डर धरत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ समोरासमोर ट्रान्सफॉर्मर घेताना ही तार काउंटरवरच खरवडून मागा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

ऑनलाइन घेतलंच असेल, तर पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपण्याआधी ट्यूब काढून केलेल्या चाचणीचंही चित्रण करा. विक्रेत्याला मोजमापांसह लेखी कळवा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते; तेव्हा बिल आणि विक्रेत्याच्या मूळ जाहिरातीचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, कारण जाहिरातीचा मजकूर नंतर बदलला जाऊ शकतो.