चौघांची चौकडी की दोघे भाऊ: आधी कुणाचं वाचावं?

उतरत्या काळातल्या रोमन सम्राटांनी सत्ता कशी वाटून घेतली, यावर निबंध लिहायला घेतलेला माणूस हमखास डायोक्लेशियनपासून सुरुवात करतो. चार सम्राट, चार राजधान्या, आखीव योजना. दुसरं प्रकरण मात्र बहुतेकांच्या हातून निसटतं: 364 साली व्हॅलेन्टिनियन आणि व्हॅलेन्स या भावांनी केलेली वाटणी. वेळ एकालाच देता येणार असेल तर कुणाला द्यावा, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून हे टिपण. माझा कल कुठे आहे हे लपवणार नाही.

दोघांपुढचं दुखणं एकच. साम्राज्य अवाढव्य, सम्राट एक, आणि शत्रू एकाच वेळी ऱ्हाइनवर, डॅन्यूबवर नि पर्शियाच्या सीमेवर. सम्राट जिथे नसेल तिथलं सैन्य आपल्याच सेनापतीला सम्राट करून मोकळं व्हायचं. 235 ते 284 या पन्नासेक वर्षांत वीसहून जास्त सम्राट झाले आणि त्यातले फार थोडे अंथरुणात मेले.

डायोक्लेशियनचा उपाय पायरीपायरीने आला. 284 मध्ये तो गादीवर आला, 286 मध्ये जुना सैन्यातला सोबती मॅक्सिमियन याला बरोबरीचा ऑगस्टस, म्हणजे थोरला सम्राट, केलं आणि 293 मध्ये दोघांच्या हाताखाली एकेक सीझर, म्हणजे दुय्यम सम्राट, नेमला: कॉन्स्टॅन्शियस आणि गॅलेरियस. दोघांनाही दत्तक घेऊन सोयरीकही पक्की केली. गॅलेरियसला डायोक्लेशियनची मुलगी दिली. मुक्काम निकोमिडिया, सिर्मियम, मिलान, ट्रियर असे सीमांच्या जवळ. रोम शहर त्यात नाहीच. या चौघांचं जांभळ्या दगडातलं शिल्प आज व्हेनिसमध्ये सेंट मार्कच्या चर्चच्या कोपऱ्यावर आहे. दोन-दोनच्या जोड्या, एक हात सोबत्याच्या खांद्यावर, दुसरा तलवारीच्या मुठीवर. चेहरे इतके सारखे की कोण कोण हे सांगता येत नाही. अर्थात तेच दाखवायचं होतं. 1204 च्या लुटीत ते कॉन्स्टँटिनोपलहून उचलून आणलेलं. एकाचं पाऊल तिथेच राहिलं, ते विसाव्या शतकात इस्तंबूलमध्ये सापडलं.

सुधारणांच्या बाबतीत याच्याशी कुणाची तुलनाच नको. प्रांत जवळपास दुप्पट होऊन शंभराच्या आसपास गेले, त्यांच्यावर बारा विभाग बसवले, मुलकी कारभार आणि सैन्य हळूहळू वेगळं केलं, जमीन नि माणसं मोजून करआकारणी केली. 301 सालचं दरपत्रक तर निबंधासाठी सोन्याची खाण आहे. हजारावर वस्तू आणि कामांचे कमाल दर: शेतमजुराला जेवणासह दिवसाला 25 दिनार, न्हाव्याला माणशी 2, लष्करी मापाच्या एका मोदियस (धान्याचं माप) गव्हाला 100, आणि सिंह दीड लाखाला. जास्त भाव घेतला तर देहदंड. लॅक्टॅन्शियस हा ख्रिस्ती लेखक म्हणतो की माल बाजारातून गायब झाला आणि शेवटी हुकूमच गुंडाळावा लागला. तो डायोक्लेशियनचा द्वेष करणारा माणूस, पण दर बांधून देण्याचं हे आपल्यालाही ओळखीचंच आहे.

आता कच्चा दुवा. 1 मे 305 रोजी दोन्ही थोरल्यांनी एकाच दिवशी गादी सोडली. निकोमिडियाबाहेरच्या टेकाडावर सैन्य जमलं होतं, कॉन्स्टॅन्शियसचा मुलगा कॉन्स्टंटाइन समोरच उभा, सगळ्यांना वाटत होतं आता हाच सीझर. लॅक्टॅन्शियसच्या सांगण्याप्रमाणे गॅलेरियसने हाताने त्याला बाजूला सारलं आणि मागून आपल्या भाच्याला, दाइयाला, पुढे ओढलं. डायोक्लेशियनने अंगावरचं सम्राटाचं जांभळं वस्त्र काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. पोटच्या पोरांना वगळणारी ही योजना कागदावर ठीक होती. सैनिकांना ती पटलेलीच नव्हती. पुढच्याच वर्षी कॉन्स्टॅन्शियस यॉर्कला वारला आणि तिथल्या फौजेने कॉन्स्टंटाइनचा जयघोष केला. रोममध्ये मॅक्सिमियनचा मुलगा मॅक्सेन्शियस उठला. 308 मध्ये कार्नुंटमला बैठक भरवून डायोक्लेशियनला परत या म्हणून विनवलं, तर तो घरी आपण लावलेल्या कोबीचं कौतुक सांगत बसला, अशी गोष्ट आहे. भांडण मिटलं ते 324 मध्ये, कॉन्स्टंटाइन एकटा उरला तेव्हा.

भावांच्या प्रकरणात असं देखणं काही नाही. फेब्रुवारी 364 मध्ये नायसियाला सैन्याने व्हॅलेन्टिनियनला निवडलं आणि लगेच जोडीदार नेमायची मागणी केली. त्याने सरदारांना विचारलं तेव्हा डॅगलाइफस नावाचा सेनानी म्हणाला, घरच्यांवर प्रेम असेल तर तुला भाऊ आहे. राज्यावर असेल तर दुसरा शोध. व्हॅलेन्टिनियनने ऐकून घेतलं आणि महिनाभरात भावालाच ऑगस्टस केलं. मग नाइसस शहराजवळ बसून दोघांनी सैन्य वाटलं, कोणता सेनापती कुणाकडे हेही ठरलं. सिर्मियमला दरबारातली माणसं वाटली. थोरला व्हॅलेन्टिनियन मिलानकडे, धाकटा व्हॅलेन्स कॉन्स्टँटिनोपलकडे. त्यानंतर दोघांची भेट झाली नाही.

पुढल्याच वर्षी कसोटी आली. प्रोकोपियसने कॉन्स्टँटिनोपलमध्ये बंड केलं आणि व्हॅलेन्स पार घाबरला. थोरला मदतीला धावला नाही. प्रोकोपियस माझा आणि माझ्या भावाचा शत्रू आहे, अलामान्नी (ऱ्हाइनपलीकडची जर्मन टोळी) साऱ्या रोमन जगाचे, असं म्हणून तो ऱ्हाइनवरच राहिला. कठोर वाटतं, पण वाटणीचा अर्थ त्याला नेमका कळला होता.

व्हॅलेन्टिनियन माणूस मात्र भयंकर. त्याने दोन नरभक्षक अस्वलं पाळली होती, एकीचं नाव होतं इनोसेन्शिया, म्हणजे निष्पाप. 375 मध्ये डॅन्यूबपलीकडच्या क्वाडी टोळीच्या दूतांवर ओरडता ओरडताच तो कोसळला आणि मेला. पाचच दिवसांत सरदारांनी त्याच्या चार वर्षांच्या धाकट्या मुलाला ऑगस्टस करून टाकलं. आधीच ऑगस्टस असलेल्या सोळा वर्षांच्या थोरल्या मुलाला, ग्रेशियनला, विचारलं नाही, व्हॅलेन्सलाही नाही. 306 सालासारखंच आता पेटणार असं वाटावं, पण दोघांनी ते गिळलं आणि यादवी झाली नाही. थोरला गेल्यावर काय होतं, या एकाच प्रश्नावर मी दोन्ही प्रयोग तोलतो, आणि तिथे भावांचं पारडं जड आहे.

भाऊ होते म्हणून जमलं, असं मात्र लिहू नका. कॉन्स्टंटाइनची मुलंही भाऊच होती. 337 मध्ये सैन्याने त्यांच्या चुलत्या-चुलतभावांची कत्तल केली आणि 340 मध्ये थोरला धाकट्याच्या इटलीवर चालून जाऊन मेला. भाऊबंदकीचा हा नमुना मध्ये आहेच. व्हॅलेन्सला सगळं थोरल्याच्या हातून मिळालेलं होतं आणि तो ते विसरला नाही.

या वाटणीची किंमतही मोठी. 9 ऑगस्ट 378 ला आड्रियानोपलजवळ पुतण्या ग्रेशियन फौज घेऊन वाटेत असताना व्हॅलेन्स थांबला नाही. यशात वाटेकरी नको होता. गॉथ या जर्मन टोळ्यांनी त्याच्या फौजेचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला, सम्राटाचा देहही मिळाला नाही. तरी पाच-सहा महिन्यांत ग्रेशियनने घराबाहेरच्या थिओडोशियसला पूर्वेचा सम्राट केलं आणि गाडा चालू राहिला.

राहिली साधनांची बाब. चौकडीसाठी शिलालेख, नाणी, दरपत्रकाचे तुकडे आणि पूर्वग्रहाचे लेखक जोडत बसावं लागतं. भावांसाठी अम्मियानस हा त्याच काळातला इतिहासकार आहे, स्वतः सैन्यात नोकरी केलेला माणूस, आणि त्याची बखर 378 लाच थांबते. तेव्हा निबंधाच्या शीर्षकात ‘सुधारणा’ असेल तर बिनदिक्कत डायोक्लेशियन घ्या. ‘वाटणी’ असेल तर अम्मियानसचा सव्विसावा भाग उघडा आणि डॅगलाइफसच्या त्या वाक्यापासून सुरू करा.